केमोनंतर पायांची आग: दुखणं वेगळं, बधिरपणा वेगळा

एका मुलाने आईबद्दल विचारलं आहे. प्रश्न थोडक्यात असा: आईचं वय ५२. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, मग चार ‘लाल’ (लाल रंगाच्या औषधाच्या) केमो आणि त्यानंतर दर आठवड्याला एक अशा बारा पॅक्लिटॅक्सेलच्या. शेवटची केमो होऊन अकरा महिने झाले. कर्करोग परत येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेन चालू आहे, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आहे. रात्री दोन्ही तळव्यांची आग होते, अंगावरची चादरसुद्धा पायाला सहन होत नाही. दिवसा मात्र पायातली चप्पल निसटून मागे राहते आणि तिला चार पावलांनंतर कळतं. नऊ महिने रोज रात्री नसदुखीचं प्रीगॅबालिन ७५ आणि मिथाइलकोबालामिन (बी-१२ चं एक रूप) यांची एकत्र गोळी चालू आहे, फरक नाही. ‘नसा सुकल्यात, आता असंच राहणार’ असं ऐकून घरी आलोय. काही करता येईल का?

करता येईल. पण आधी तुमच्याच प्रश्नातलं एक वाक्य वेगळं काढतो, कारण सगळा गोंधळ तिथे आहे. रात्री चादर सहन होत नाही आणि दिवसा चप्पल निसटलेली कळत नाही. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. एकीत नस नको तेव्हा बोलते, दुसरीत बोलायला हवं तेव्हा गप्प बसते. आपल्याकडे जेवढ्या गोळ्या आहेत त्या फक्त पहिल्या तक्रारीवर, आणि तिथेही अर्ध्यामुर्ध्या चालतात. बधिरपणावर गोळी नाही. ही फोड कोणी करून सांगत नाही, म्हणून पेशंट महिनोन्‌महिने एकच गोळी घेऊन दोन्ही गोष्टींची वाट बघत बसतात.

नसांना झालं काय? कमरेपाशी मणक्याच्या बाजूला संवेदना वाहणाऱ्या पेशी असतात आणि त्यांचा एकेक धागा थेट पायाच्या बोटापर्यंत जातो. जवळजवळ मीटरभर लांबीचा हा धागा टोकापर्यंत जिवंत ठेवायचा तर पेशीकडून सतत रसद जावी लागते. ही रसद ज्या सूक्ष्म नळ्यांवरून सरकते त्याच नळ्या पॅक्लिटॅक्सेल गोठवून टाकतं. कर्करोगाची पेशी विभागू नये म्हणून ते नळ्यांवर काम करतं, पण नळ्या नसांतही असतात. रसद तुटली की सगळ्यात लांबचं टोक आधी उपाशी मरतं. म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून, दोन्ही पायांत सारखी, आणि मोजा चढवावा तशी वर सरकत जाते. हाताची बोटं त्यानंतर.

‘नसा सुकल्या’ हा शब्द मला आवडत नाही, पण तो अगदीच खोटाही नाही. धाग्याचं टोक मागे सरकलेलं असतं. मूळ पेशी जिवंत असेल तर टोक पुन्हा वाढू शकतं, फार तर दिवसाला एखादा मिलिमीटर. पॅक्लिटॅक्सेलच्या पेशंटांना इथे थोडी आशा असते. सिसप्लॅटिन आणि ऑक्सॅलिप्लॅटिन ही प्लॅटिनमची औषधं थेट मूळ पेशीवरच घाव घालतात, त्यामुळे केमो संपल्यावरही दोन-तीन महिने, कधी त्याहून जास्त, त्रास वाढतच जातो. बऱ्याच घरांत तेव्हा घबराट उडते की आजार परत आला. तसं नसतं. २०१४ मध्ये ३१ अभ्यासांची, चार हजारांवर पेशंटांची एकत्रित आकडेवारी प्रसिद्ध झाली. केमो संपल्यावर पहिल्या महिन्यात सुमारे ६८ टक्के लोकांना असा त्रास होता, तीन महिन्यांनी ६० टक्के, सहा महिने किंवा त्यानंतर ३० टक्के. तुमच्या आई त्या ३० टक्क्यांत आहेत. अकरा महिन्यांनंतर आपोआप सुधारणा व्हायचा वेग मंदावतो, थांबत नाही. ‘आता असंच राहणार’ हे इतक्यात सांगण्याची घाई झाली.

आता औषधांकडे वळण्याआधी एक काम. सगळा दोष केमोवर टाकू नका. तुमच्या आईंना मधुमेह आहे आणि मधुमेह याच नसा, याच टोकाकडून खातो. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ कमी होतं, आणि शाकाहारी घरात ते मुळातच काठावर असतं. त्यामुळे तीन महिन्यांची साखर (एचबीए१सी), बी-१२, थायरॉइड, किडनीचं क्रिएटिनिन एवढ्या तपासण्या हव्यातच. अडचण अशी की नऊ महिने मिथाइलकोबालामिन घेतल्यावर बी-१२ चा आकडा भरपूरच येणार, मग मूळची कमतरता होती का हे समजत नाही. केमोच्या आधीच्या फायलीत जुना रिपोर्ट असेल तर तो शोधा. फाइल चाळायला अर्धा तास लागेल, पण पुष्कळदा उत्तर तिथेच पडलेलं असतं.

नर्व्ह कंडक्शनची, म्हणजे शॉक देऊन करायची तपासणी लगेच करू नका. बारीक नसा जळत असताना ती तपासणी नॉर्मल येऊ शकते, आणि मग कोणीतरी ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, मनातलं दुखणं आहे’ म्हणून मोकळं होतं. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (थरथरणारा धातूचा चिमटा) अंगठ्याला लावून, नायलॉनचा जाड तंतू तळव्याला टोचून आणि डोळे मिटून उभं राहायला सांगून मला पाच मिनिटांत जास्त कळतं. तळवे लाल होऊन सोलपटत असतील तर ते दुखणं निराळं आहे. कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्यांनी होतं, त्याचे उपायही निराळे.

आता गोळ्या. या दुखण्यावर मोठ्या चाचणीत खरी उतरलेली गोळी एकच आहे, ड्युलोक्सेटिन. २०१३ मध्ये अमेरिकेत २३१ पेशंटांवर चाचणी झाली: पहिला आठवडा ३० मि.ग्रॅ., पुढचे चार आठवडे ६०. खऱ्या गोळीवर ५९ टक्के लोकांचं दुखणं काही ना काही कमी झालं, साखरेच्या गोळीवर (म्हणजे औषध नसलेल्या, दिसायला तशाच खोट्या गोळीवर) ३८ टक्के लोकांचं. दुखण्याला दहापैकी गुण दिले तर सरासरी उतार एका गुणाच्या आसपास. म्हणजे सहाची पाच. हा आकडा ऐकून लोकांची निराशा होते, पण तो सरासरीचा आकडा आहे. कोणाचं सातवरून तीनवर येतं, कोणाचं ढिम्म हलत नाही, आणि आधी सांगता येत नाही. त्या चाचणीत ऑक्सॅलिप्लॅटिन घेतलेल्यांना पॅक्लिटॅक्सेलवाल्यांपेक्षा जास्त फायदा दिसला, हेही तुम्हाला माहीत असावं.

तुमच्या आईंच्या बाबतीत इथे एक मोठी मेख आहे: टॅमॉक्सिफेन. टॅमॉक्सिफेन गिळलं की ते तसंच्या तसं काम करत नाही. यकृतातलं एक एन्झाइम त्याचं एंडॉक्सिफेन नावाच्या जास्त ताकदीच्या रूपात रूपांतर करतं. ड्युलोक्सेटिन त्याच एन्झाइमला बऱ्यापैकी अडवतं. याने कर्करोग परत येण्याचा धोका प्रत्यक्षात किती वाढतो यावर मतभेद आहेत, पण पायाच्या आगीसाठी ती जोखीम मी स्वतःहून घेत नाही. अशा वेळी मी कर्करोगतज्ज्ञांना फोन करतो. पाळी पूर्ण बंद झालेली असेल तर कधी कधी टॅमॉक्सिफेनऐवजी लेट्रोझोलसारख्या गोळीवर नेता येतं, मात्र ती सांधे दुखवते हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर ड्युलोक्सेटिनच्याच जातीचं व्हेन्लाफॅक्सिन. ते त्या एन्झाइमला फारसं हात लावत नाही. त्याचा पुरावा ड्युलोक्सेटिनएवढा भक्कम नाही, छोट्या अभ्यासांचा आहे, पण सुरक्षित मार्ग तोच पडतो. ३७.५ पासून सुरू करायचं, रक्तदाब बघत राहायचं. हा निर्णय कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय होता कामा नये. आणि पेशंट जेव्हा एका गावात केमोवाले, दुसऱ्या गावात शुगरवाले आणि गल्लीत फॅमिली डॉक्टर अशा तिघांकडे फिरत असतो तेव्हा नेमकं हेच राहून जातं. सगळ्या औषधांची यादी एका कागदावर लिहा आणि तो कागद पर्समध्ये ठेवा.

टॅमॉक्सिफेन घेत नसलेल्यांसाठी ड्युलोक्सेटिनबद्दल थोडं. ‘ही तर डिप्रेशनची गोळी आहे, मला वेड लागलंय का?’ असं हमखास विचारलं जातं. मेंदूकडून मणक्याकडे दुखणं दाबणारे निरोप जातात, ते निरोप ज्या रसायनांनी जातात तीच ही गोळी वाढवते. मन उदास असो वा नसो, दुखण्यावर ती आपलं काम करते. पहिले आठ दिवस मळमळ, तोंडाला कोरड, घाम. जेवणानंतर घेतली तर बरंच सुसह्य होतं. म्हणून ३० ने सुरुवात. एका गोळीने मळमळलं म्हणून सोडून दिलेले पेशंट मी खूप पाहिलेत. पाच आठवडे पूर्ण द्या, मग ठरवा. उपयोग नसेल तर बंद करा, पण एकदम नाही, उतरवत. यकृत किंवा किडनी बरीच बिघडलेली असेल, काचबिंदूचा काही प्रकार असेल तर ही गोळी नको. ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, दोन्ही मिळून त्रास होऊ शकतो.

आता तुमच्या घरातली गोळी. केमोच्या पायदुखीवर गॅबापेंटिनची नीट चाचणी झाली आणि ते साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. प्रीगॅबालिन त्याचंच भावंड. मधुमेहाच्या नसदुखीत ते चालतं, म्हणून सगळे देतात, मीही देतो, कारण काहींची झोप त्याने सुधारते. पण ७५ चा रोज एक डोस म्हणजे औषधाची सुरुवात. मधुमेहाच्या दुखण्यात दिवसाला १५० ते ३०० पर्यंत जातात, किडनी बघून. नऊ महिने ना वाढवली, ना बंद केली, याला उपचार म्हणता येत नाही. एकतर योग्य डोसवर महिनाभर प्रामाणिकपणे बघा, नाहीतर आठवडाभरात उतरवून थांबवा. पायाला सूज, वजन, दिवसा गुंगी या गोष्टींवर लक्ष ठेवा. आधीच बधिर पाय, त्यात गुंगी, रात्री बाथरूमला जाताना पडायला एवढं पुरतं.

गोळीच्या पाकिटाची मागची बाजू भिंग घेऊन वाचा, हे मात्र आजच करा. आपल्याकडे ‘नसांची ताकद’ म्हणून जे मिश्रण विकलं जातं त्यात सात-आठ गोष्टी कोंबलेल्या असतात. दोन नावं शोधा. एक, ॲसिटिल-एल-कार्निटिन. टॅक्सेनची (पॅक्लिटॅक्सेल याच गटातलं) केमो घेणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाच्या ४०९ स्त्रियांवर याची चाचणी झाली, २०१३ मध्ये निकाल आला, आणि ते घेणाऱ्यांचा त्रास न घेणाऱ्यांपेक्षा वाढलेला निघाला. नसा वाचवायला दिलेल्या गोळीने नसा जास्त बिघडल्या. दुसरं नाव पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६. मोठ्या डोसमध्ये दीर्घकाळ घेतलं तर ते स्वतःच नसांना इजा करतं आणि तक्रार अगदी हीच असते: मुंग्या, आग, बधिरपणा. दोन-तीन टॉनिकं एकत्र चालू असतील तर बी-६ ची बेरीज किती होते ते बघा. नुसतं मिथाइलकोबालामिन निरुपद्रवी आहे. कमतरता असेल तर हवंच, नसेल तर त्याने आग विझत नाही.

वरून लावायच्या औषधांवर माझा थोडा जास्त लोभ आहे, कारण ती यकृत-किडनीच्या वाटेला जात नाहीत. मेंथॉलचं साधं मलम रात्री लावून बघा, काहींना थंडाव्याने झोप लागते. लिडोकेनची जेल किंवा पट्टी ठरावीक जागेच्या आगीवर बरी. मिरचीतल्या कॅप्सेसिनचं मलम दिवसातून तीन-चार वेळा काही आठवडे लावावं लागतं. पहिला आठवडा आग आणखी वाढते आणि बहुतेक जण तिथेच ट्यूब फेकतात. भेगाळलेल्या टाचेवर लावायचं नाही, लावल्यावर हात साबणाने धुवायचे, त्या हाताने डोळे चोळलेत तर माझी आठवण काढाल.

आणि काशाची वाटी. हा प्रश्न दर आठवड्याला येतो. तूप लावून वाटीने तळपाय घासले की बरं वाटतं, हे खरं आहे. स्पर्शाच्या जाड नसांमधून गेलेला निरोप दुखण्याच्या निरोपाला मणक्यातच अडवतो. मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये हे मांडलं, आपल्या आज्यांना अनुभवाने माहीत होतं. तळवा काळा पडतो तो मात्र ‘अंगातली उष्णता निघाली’ म्हणून नाही, तूप आणि धातू एकमेकांवर घासल्याने. हलक्या हाताने, कातडी धड असेल तर दहा मिनिटं खुशाल करा. बधिर पायावर जोर किती लागतोय हे पेशंटला कळत नाही, म्हणून घासणाऱ्याने स्वतःच्या अंदाजाने थांबायचं.

आता दुसरी तक्रार, चप्पलवाली. खरं सांगायचं तर तुमच्या आईंच्या बाबतीत मला आगीपेक्षा याची काळजी जास्त वाटते. मधुमेह आणि केमो दोन्ही मिळून बधिर झालेला पाय. अशाच एका बाई वैशाखात देवदर्शनाला गेल्या होत्या, प्रदक्षिणा अनवाणीच. दगडी फरसबंदी तापलेली. रात्री मोलकरणीने विचारलं, फरशीवर हे पाणी कसलं? तळव्याचा फोड फुटलेला होता, बाईंना पत्ता नव्हता. जखम भरायला तीन महिने लागले.

बधिर पाय कसा सांभाळायचा हे आपल्या देशात कुष्ठरोगाचं काम करणाऱ्यांनी फार पूर्वीच शिकवून ठेवलं आहे. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड या सर्जननी दाखवून दिलं की कुष्ठरोग्याची बोटं झडतात ती रोगाने नव्हे. दुखत नाही म्हणून दुर्लक्षित राहिलेल्या जखमांनी झडतात. त्याच परंपरेतून एमसीआरच्या, म्हणजे मऊ रबरी तळाच्या चपला आल्या. आज मधुमेहाच्या दवाखान्यांजवळच्या दुकानांत त्या मिळतात. दिसायला अगदी सामान्य, कोणी लग्नाला घालणार नाही, पण तुमच्या आईंनी घरातसुद्धा त्याच घालाव्यात, टाचेमागे पट्टा असलेल्या. पट्टा असला की चप्पल निसटायचा प्रश्नच राहत नाही. कोल्हापुरीला सध्या सुट्टी: तळ कडक, मागे पट्टा नाही. चपला संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. घालण्याआधी रोज आत हात फिरवायचा, खडा किंवा वर आलेला खिळा हाताला कळेल, पायाला नाही.

रोज रात्री तळवे बघायचे. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून, किंवा तुम्ही बघा. आंघोळीचं पाणी पायाने अजमावायचं नाही, कोपर बुडवून बघायचं. गरम पाण्याची पिशवी, शेगडी, विटेचा शेक बंद. आग होते म्हणून पाय बर्फात ठेवणंही बंद, माठातल्या पाण्यात दहा मिनिटं चालतील, नंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. नखं सरळ कापा, कुरूप ब्लेडने तासू नका. रात्री पायथ्याशी दोन उशा उभ्या करून त्यांवर चादर टाका, म्हणजे ती पायाला टेकणार नाही. यासाठी डॉक्टर लागत नाही.

तोल हा तिसरा भाग, आणि त्याचा व्यायाम खरोखर उपयोगी पडतो. पाय जमिनीची खबर देत नसेल तेव्हा मेंदू डोळ्यांवर विसंबतो, म्हणून अंधारात आणि तोंड धुताना डोळे मिटल्यावर झोक जातो. ओट्याला धरून टाचा उचलणं वीस वेळा, एका पायावर दहा सेकंद, मग ओट्याच्या कडेने पावलापुढे पाऊल चिकटवून चालणं. चहा उकळेपर्यंत होतं. आठवड्याने ओट्यावरचा हात फक्त एका बोटावर आणा. बाथरूमच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा, पायपुसणी हलणारी असेल तर काढून टाका. शिवाय रोज अर्धा तास चालणं, पट्ट्याच्या चपलेत. ॲक्युपंक्चर करून बघायला हरकत नाही, काही अभ्यासांत फायदा दिसला आहे, पण बधिर पायात सुई टोचायची तर निर्जंतुक आणि प्रशिक्षित हातच हवा.

ज्यांची केमो अजून चालू आहे त्यांच्यासाठी चार ओळी, कारण नसा वाचवायची खरी वेळ तीच असते. पेशंट त्रास लपवतात. सांगितलं तर केमो थांबवतील आणि आजार वाढेल अशी भीती. ब्लाउजची हुकं लागत नाहीत, सुईत दोरा ओवता येत नाही, हातातून कप निसटतो, हे ज्या दिवशी लक्षात येईल त्याच्या पुढच्याच केमोला सांगा. डोस कमी करता येतो, अंतर वाढवता येतं, औषध बदलता येतं. आतड्याच्या कर्करोगात ऑक्सॅलिप्लॅटिन सहा महिन्यांऐवजी तीन महिने देऊन अनेकांचं भागतं आणि नसांचा त्रास खूप कमी होतो, हे २०१८ मध्ये बारा हजारांहून जास्त पेशंटांच्या आकडेवारीतून पुढे आलं.

या गोष्टी झाल्या तर मात्र वाट न बघता दवाखाना गाठायचा: एकाच पायातली नवी कमजोरी, पाठीत नवं दुखणं आणि पाय लुळे पडणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं (मणक्यात गाठ दाबत असेल तर तासांचा हिशोब असतो), एका पोटरीची सूज, किंवा तळव्यावर कुठलीही जखम, ती दुखत नसली तरी.

तुम्ही आज काय करायचं? एक वही घ्या. रोज रात्री झोपताना आईंना एकच प्रश्न: आग दहापैकी किती? आकडा लिहा, बाजूला किती वाजता जाग आली ते लिहा. पंधरा दिवस औषध न बदलता. नवी गोळी सुरू झाली की तीच वही सांगेल ती चालतेय की नाही. सातची पाच झाली तर मी ती गोळी ठेवतो. दुखण्याच्या डॉक्टरकडे जाल तेव्हा वही, औषधांचा कागद आणि केमोची फाइल बरोबर न्या, आणि आईंना रोजच्या वापरातल्या चपला घालून न्या. नव्या नकोत. तळ कुठे झिजलाय ते बघून तळव्याच्या कुठल्या जागेवर भार पडतोय, पुढची जखम कुठे होऊ शकते, हे मला रिपोर्टच्या आधी कळतं.